आज कोणता कोपरा?

मेहुण्याने नव्या हॅचबॅकच्या किमतीत जुनी आलिशान जर्मन गाडी घेतली, तेव्हा पेढे आले. थोड्याच दिवसांत घरातले लोक सकाळी उठून एकमेकांना विचारू लागले, ‘‘आज कोणता कोपरा?’’ रात्री ताठ उभी असलेली गाडी सकाळी पुढच्या डाव्या बाजूला बसलेली असायची. चावी फिरवली की डिकीतून घुर्र आवाज यायचा आणि बाईसाहेब सावकाश उठायच्या.

सोसायटीत निदान करणाऱ्यांचा तुटवडा नसतो. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, ‘‘पंक्चर.’’ पंक्चर नव्हतं. वॉचमनने लिंबू-मिरची सुचवली. पुढे आलेल्या सगळ्या उपायांत तोच रास्त दराचा होता.

अशा गाडीत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी बेलो असतात. कंप्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती कोपऱ्यांना वाटतो आणि उंचीचे सेन्सर कंट्रोल युनिटकडे चहाड्या करतात. अमेरिकेत कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रोअममध्ये हे सुख दिलं. पुढे बऱ्याच मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. हे मेहुण्याला आधी का सांगितलं नाही? त्याने विचारलंच नव्हतं.

मोठ्या सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप जोडला. कंप्रेसर प्रमाणाबाहेर चालल्याचा कोड निघाला. ‘‘कंप्रेसर बदला,’’ असं म्हणून त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात एक साखरपुडा जेवणासकट उरकला असता. अहो, गच्चीवरच्या टाकीचा नळ गळत असला की पंप दिवसभर चालतो आणि एक दिवस जळतो. मग बैठक भरते, नवा पंप येतो, नळ गळतच राहतो. कोडने पंप दमल्याचं सांगितलं होतं, का दमला ते नाही.

शेवटी नाना पेठेतला एक मिस्त्री मिळाला. ‘‘दाजी, हा तर लॅपटॉपच लावत नाही,’’ मेहुणा माझ्या कानात कुजबुजला. मिस्त्रीने चक्क शिंप्याची टेप दिली. रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही कोपरे मोजायचे, सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजायचे. तीन कोपरे जवळपास जागेवर, पुढचा डावा चार बोटं खाली. ‘‘एकटाच बसतो ना? मग आधी त्याचा बेलो आणि त्याची नळी बघायची. पुढचे दोन्ही बसले असते, तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक.’’

मग त्याने ऑटो-लेव्हल बंद केलं आणि गाडीखाली घोड्या लावल्या. ‘‘नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो,’’ तो म्हणाला. चाक वळवून साबणाचं पाणी मारलं. रबर जिथे सतत दुमडतं, नेमका त्या घडीत फेस उठला. मेहुण्याला एवढा आनंद मुलाच्या निकालालाही झाला नव्हता. बेलो बदलला. कंप्रेसर शाबूत निघाला; राबून राबून तापलेला रिले मात्र मिस्त्रीने बदलायला लावला.

तेव्हा अशी जुनी गाडी बघायला जाणार असाल, तर भल्या सकाळी जा, आणि रात्रभर ती जागची हलवू नका म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर मालकाकडचा चहा घ्या आणि घरी या.