आधी बोनेटला हात लावा

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा मोटारगाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. तिला वेगळा नंबर मिळतो, प्रदर्शनात मिरवता येते, आणि रोजच्या कामाला मात्र रस्त्यावर काढता येत नाही. ट्रॅक्टर या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकातला एखादा मॅसी फर्ग्युसन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कसल्याही मानमरातबाविना आजही पाळी घालतो आहे आणि हंगाम संपला की विकायला निघतो आहे. असा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या शेतकऱ्यासाठी पुढील सूचना आहेत. त्या पाळल्या तर ट्रॅक्टर चांगला मिळेलच असे नाही. पण फसलो कुठे, हे नंतर नेमके सांगता येईल.

खरेदीदाराने एकट्याने जाऊ नये. शिष्टमंडळ न्यावे. त्यात एक चुलते असावेत, ज्यांना कुठलाही ट्रॅक्टर पसंत पडत नाही. एक दाजी असावेत, ज्यांना पहिलाच पसंत पडतो. आणि एक मिस्त्री असावा, ज्याच्याशी या दोघांचे पटत नाही. मिस्त्री आपल्या गाडीतून न्यावा. विकणाऱ्याने ‘आमचा मिस्त्री आहे की, कशाला त्रास घेता’ म्हटले, तर त्रास घ्यावा.

जाण्याची वेळ सांगू नये. सांगितलीच तर तासभर आधी पोहोचावे, आणि रामराम घालून होताच बोनेटवर, मग सायलेन्सरवर लांबून हात नेऊन बघावा. गरम लागला तर चहा घेऊन परत फिरावे. ‘तुम्ही येणार म्हणून सकाळीच चालू करून ठेवला, मालक’ या वाक्यात आदरातिथ्य कमी आणि माहिती जास्त असते. झिजलेले डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हायला कुरकुरते. एकदा तापले की तरुणासारखे वागते. ट्रॅक्टर कुठे उभा आहे तेही पाहावे. अंगणात सपाट जागा मोकळी असताना तो उतारावर नाक करून लावलेला असेल, तर सेल्फ आणि बॅटरी यांची वेगळी चौकशी करण्याची गरज नाही.

चालू झाल्यावर धूर बघावा. पहिला पांढरा लोट काढून सायलेन्सर निवळला तर ठीक. पांढरा तसाच येत राहिला तर इंजिनात पाणी उतरत असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. निळा म्हणजे ऑईल जळते आहे. काळा म्हणजे नोझल, पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर. विकणारा तिन्ही रंगांना ‘बरेच दिवस उभा होता ना’ हे एकच कारण देतो. मग मिस्त्रीने ब्रीदरच्या नळीपुढे तळहात धरावा. तिथून भकाभका वाफ येत असेल, तर तो ‘बॅक कंप्रेशन मारतंय’ एवढेच म्हणेल. या तीन शब्दांचा अर्थ पिस्टन, रिंगा, लायनर आणि एका हंगामाची कमाई असा होतो. ऑईलची कांडी मात्र इंजिन सुरू करण्याआधीच काढून बघितलेली असावी. तिच्यावर चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला, तर पुढचे काही पाहू नये.

मीटरकडे बघण्यात वेळ घालवू नये. ट्रॅक्टरचा अवरमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर तास मोजतो, म्हणजे तो घड्याळ नव्हेच. आणि जुन्या ट्रॅक्टरवर त्याची केबल अशा वेळी तुटते की आकडा चार हजारांच्या अलीकडेच थांबतो. बैलबाजारात दावणीच्या जनावराचा ओठ वर करून दात बघण्याची रीत आहे. ट्रॅक्टरला दात नसले तरी भोके आहेत. मागच्या ड्रॉबारचे भोक गोल आहे की लांबट झाले आहे? खालच्या लिंकमधल्या गोळ्या खुळखुळतात का? क्लचच्या पेडलवरच्या रेघा पुसून लोखंड आरशासारखे चकाकते का? पीटीओच्या शाफ्टच्या दातांना सुरीसारखी धार आली आहे का? नवा रंग फासता येतो, नवी गादी टाकता येते, दिव्यांना चकाकी आणता येते. पण लांबट झालेले भोक गोल करून विकायला काढण्याइतका उत्साह कुणाकडे नसतो. त्या भोकावरून उसाच्या दोन दोन ट्रॉल्या किती वर्षे ओढल्या, याचा अंदाज मिस्त्री बसल्या जागी सांगतो.

पैठण, गंगापूर, वैजापूर हे गोदाकाठचे तालुके. तिथला ट्रॅक्टर असेल तर तो शेतात किती आणि नदीपात्रात किती राबला, हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. उत्तर नेहमी ‘घरच्या शेतापुरता’ असेच मिळेल. उत्तर कानांनी घेऊ नये, मागच्या टायरकडे बघून घ्यावे. डांबरावर जड ओझी ओढलेल्या टायरच्या पट्ट्या मधोमध चपट्या होतात आणि त्यांचे कोपरे गोलसर होतात. बिनपरवाना वाळूसाठी ट्रॅक्टर जप्त करून दंड करण्याचा अधिकार महसूल खात्याला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने दिला आहे. तेव्हा आपल्या पसंतीचा ट्रॅक्टर पूर्वी तहसीलच्या आवारात किती पावसाळे उभा होता आणि दंड कुणी भरला, हे तलाठ्याकडे बसून जाणून घ्यावे. ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त पडते.

आता लिफ्ट. इथे घाई करू नये, कारण मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचा खरा जीव इंजिनात जितका, तितकाच या मागच्या हायड्रॉलिकमध्ये असतो. हॅरी फर्ग्युसन या आयरिश शेतकऱ्याच्या मुलाने १९२० च्या दशकात नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची आणि जमीन जड लागताच तो आपोआप किंचित उचलला जाण्याची युक्ती बसवली. त्याआधी नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर उलटत असे. आज जगातला जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर हीच तीन टोकांची रचना घेऊन फिरतो. खरेदीदाराने नांगर जोडून लिफ्ट पूर्ण वर घ्यावी, इंजिन बंद करावे आणि चहा मागवावा. कप संपेपर्यंत नांगर जागेवर राहिला तर उत्तम. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत तो जमिनीला टेकला, तर आतल्या रिंगा किंवा सील गेले आहेत. या चाचणीच्या वेळी दाजींना नांगराखाली वाकून बघण्याची हौस येते; त्यांना मागे ओढावे. त्यानंतर शेतात एक तास काढून बघावा. अंगणात गोल फेरी मारून दाखवणे ही चाचणी नाही.

पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले की बुश, किंगपिन आणि बेअरिंग स्वतःहून बोलतात. ब्रेकची दोन्ही पेडले वेगवेगळी दाबून बघावीत. गिअर चालताना सटकतो का, तेही चढावर बघावे. एवढे पुरे.

यापुढचा मुद्दा घराण्याचा. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादला आयशरने बाहेर काढला. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला, कांदिवलीहून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ आला, एस्कॉर्ट्सने फोर्ड आणला, पिंजोरच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाचा झेटॉर बनवला. स्वराजचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेचा. तो १९७४ साली बाजारात आला. त्याच काळात महाराष्ट्रात इतरांनीही हात धुऊन घेतले होते: किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झशी करार करून ट्रॅक्टर काढला, पुण्यात पित्ती ट्रॅक्टर्स निघाली. हे सगळे वाचून खरेदीदाराच्या मनात दुर्मीळ वस्तूविषयी प्रेम दाटून आले, तर त्याने ते प्रेम घेऊन तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जावे आणि त्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट मागावी. दुकानदाराने न बघता मागे हात घालून पुडा काढला, तर ट्रॅक्टर घेण्यासारखा आहे. त्याने चष्मा काढून ‘कुठं मिळाला हा तुम्हाला?’ असे विचारले, तर पुढच्या पेरणीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे बाजूला काढावेत. मॅसी १०३५ एवढी वर्षे टिकला तो त्याच्या लोखंडामुळे असे चुलते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्याचे सामान गावोगाव मिळते, हे कारण त्याहून मोठे. एचएमटीने २०१६ साली ट्रॅक्टर बनवणे बंद केले, तेव्हा झेटॉर घेणाऱ्याने हा दुकानातला प्रयोग दोनदा करावा.

कागद शेवटी बघायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. आरसी बुकवर नाव आजोबांचे आणि आजोबा हार घालून भिंतीवर, हा प्रकार जुन्या ट्रॅक्टरबाबत इतका सर्रास आहे की विकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आधी वारसाच्या नावावर बदल, मग विक्री, हा क्रम. आणि वारस तीन असतील तर तिघांनाही ट्रॅक्टर विकायचा आहे ना, हे तिघांना वेगवेगळे गाठून विचारावे. चेसीवरचा आणि इंजिनवरचा नंबर कापडाने पुसून आरसीशी ताडून बघावा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण लागते, आणि ते शेवटचे कधी झाले या प्रश्नावर विकणारा आभाळाकडे बघून पावसाचा विषय काढतो. ट्रॉलीचा कागद वेगळा असतो. असला तर.

बोजा हा तर स्वतंत्र अध्याय. सातबाऱ्यावरचा बोजा विकणाऱ्याच्या जमिनीवर राहील, पण आरसीवर चढलेला बोजा ट्रॅक्टरबरोबर खरेदीदाराच्या दारात येतो. जुन्या आरसीवर भूविकास बँकेचे नावही सापडू शकते. ती बँक अवसायनात निघाली, तिच्या कर्जदारांची थकबाकी सरकारने २०२२ मध्ये माफ केली, तरी आरसीवरचे नाव आपोआप पुसले जात नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बेबाकी दाखला लागतो, आणि तो आणण्याचे काम विकणाऱ्याचे आहे हे व्यवहाराआधी चारचौघांत वदवून घ्यावे. नंबर एमएच-२० सोडून जालन्याचा एमएच-२१ किंवा बीडचा एमएच-२३ असेल, तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो का, तेही विचारून घ्यावे.

भाव ठरवताना चुलत्यांना पुढे करावे आणि दाजींना मोसंबीची बाग बघायला पाठवावे. इसार द्यावा तो थोडा, आणि कागदावर लिहून. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यांवर सह्या झाल्याशिवाय उरलेली रक्कम हातातून सोडू नये, कारण पूर्ण पैसे पोहोचल्यानंतर विकणाऱ्याच्या मोबाईलला, गाव भर हायवेवर असले तरी, रेंज राहत नाही.