मेनवाला भावा

राजारामपुरीत क्लासच्या पाट्यांच्या वरच्या मजल्यावर हा गडी हमखास सापडतो. मोबाइल अ‍ॅप बनवतो म्हणून सांगतो, आणि ते खोटं नाही. फक्त अ‍ॅपच्या पहिल्या फाइलीपुढं तो अजून सरकलेला नाही. डिसेंबर 2018 मध्ये फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनाची पहिली पक्की आवृत्ती आली आणि एकदाच लिहून अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालवायची सोय झाली. त्यात ‘मेन’ नावाच्या फंक्शनात ‘रनअ‍ॅप’ची एक ओळ लिहिली की पडदा उजळतो. एका ओळीवर कोल्हापूरकराचं भागतंय होय? गिऱ्हाईक मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, त्याला हवंय एवढंच की सकाळच्या सौद्यात रव्याला काय भाव फुटला ते दिसावं. याच्या ‘मेन’मध्ये मात्र थीम, मराठी-कन्नड भाषा, नोटिफिकेशन, लॉगिन सगळे रांगेत बसलेत, आणि ‘रनअ‍ॅप’ पार तळाला.

याला आळशी म्हणणं अन्याय होईल. राबतो तो चारचौघांपेक्षा जास्तच. घोळ त्याच्या समजुतीत आहे: जे कधीतरी लागणार ते सगळं आधीच तयार पाहिजे. ‘रनअ‍ॅप’च्या आधी ज्याची ज्याची वाट बघायची, तेवढा वेळ पडद्यावर नुसता लोगो, आणि स्वस्तातल्या फोनवर तर तो ठिय्या देऊन बसतो. यावर त्याचं उत्तर तयार: “भावा, तालमीत माती आधी मळत्यात का न्हाई?” मळतात. ताक, तेल, हळद, लिंबू सगळं घालतात. पण जोड ठरलेली असते म्हणून. लॉगिन-नोटिफिकेशनसाठीचं फायरबेस वापरायच्या आधी सुरू करावं लागतं, त्याच्याही आधी ‘विजेट्सफ्लटरबाइंडिंग डॉट एन्शुअरइनिशलाइज्ड’ हे लांबलचक स्तोत्र म्हणावं लागतं, एवढं कबूल. नोटिफिकेशनची परवानगी पहिलं पान दिसल्यावर मागितली तर काय बिघडतं? दोन्ही फोनांच्या परवानग्या वेगळ्या फायलींत लिहाव्या लागतात, हेही खरं. पण आयफोनचं अ‍ॅप बांधायला मॅक लागतो, दुकानात ठेवायला अ‍ॅपलला वर्षाला 99 डॉलर, आणि अडत्यानं आयफोनचं नावही काढलेलं नाही. गंमत म्हणजे फ्लटरची खरी चैन हॉट रिलोडमध्ये: बदल केला की क्षणात दिसतो. पण त्यात ‘मेन’ पुन्हा चालत नाही, अ‍ॅप नव्यानं सुरू करावं लागतं. म्हणजे जिथं ही चैन पोचत नाही, नेमका तिथंच यानं मुक्काम ठोकलाय. तोवर अडत्या भाव व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. हाही त्या ग्रुपात आहे. रोज अंगठा देतो.