हजेरीपटाचा प्रयोग

समस्त भूमंडळास घरबसल्या परस्परांशी बोलते करणारे नियम ज्या संस्थेच्या दप्तरी सिद्ध होतात, त्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये पदाधिकारी नेमणाऱ्या समितीसाठी स्वेच्छेने नाव देण्याचा अधिकार, मागील पाच सभांपैकी तिहींना जो सदेह हजर राहिला त्यालाच असावा, असा दंडक वर्षानुवर्षे चालत आला होता. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने व्हँकूव्हरची सभा दूरस्थ केली, आणि सभेलाच देह उरला नाही, तेव्हा पात्रतेचा देह कोठे शोधावा, असा पेच या विद्वज्जनांपुढे पडला.

२०२१ मध्ये ‘प्रयोग’ या सोज्ज्वळ नावाखाली दूरस्थ हजेरी ग्राह्य ठरली. शिवाय गेल्या तीन वर्षांतील कार्यगटांचे अध्यक्ष व सचिव, तसेच पाच वर्षांत संस्थेच्या निदान दोन प्रसिद्ध दस्तऐवजांवर लेखक अथवा संपादक म्हणून नाव असणारे, यांनाही दरवाजा मोकळा झाला. मग कलमांचा कीस निघाला. प्रकाशनाच्या रांगेत तिष्ठणारा मंजूर मसुदा प्रसिद्ध झाला असे समजावे. नोंदणी करून सभेच्या एका सत्रात प्रवेश केला की हजेरी लागावी. प्रवेशानंतर हजर इसम जागा होता की घोरत होता, याविषयी मात्र कलमाने सभ्य मौन पाळले आहे.

२०२३ मध्ये प्रयोग कायम झाला. आणि इतक्या काटेकोरपणे पारखलेल्या पात्र मंडळींतून समितीचे दहा मतदार निवडावयाचे कसे, तर पूर्वीप्रमाणेच, चिठ्ठ्या टाकून!