उशिरा आलेलं खत महागच असतं

युरियाच्या 45 किलोच्या बॅगेचा सरकारी भाव 266 रुपये 50 पैसे. वर्षानुवर्षं तो तिथेच आहे. तरीही आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याचा कास्तकार खत महागलं म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरं आहे.

युरियाचा भाव सरकार बांधून देतं. बाकीच्या खतांना 2010 पासून अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान मिळतं आणि भाव खालीवर होतो. डीएपीची बॅग 2021 मध्ये 1200 रुपयांना होती, आता 1350 ला आहे. 2022 मध्ये 1470 ला मिळणारं 10:26:26 हे 2025 मध्ये 1700 च्या पुढे गेलं. पालाश तर जवळपास सगळं परदेशातून येतं. मग हात आखडतो तो पालाशवर, आणि स्वस्त म्हणून युरिया जास्त पडतो. पऱ्हाटी नुसती हिरवीगार, लुसलुशीत होते, तिच्यावर मावा-तुडतुडे चढतात आणि खतात वाचलेला पैसा फवारणीत जातो.

बरं, हा स्वस्त युरिया तरी वेळेवर मिळतो का? ऑगस्ट 2025 मध्ये तेलंगणात लोकांनी रांगेत आपल्या जागी चपला आणि पासबुकं ठेवली. वर्षाला 12.7 लाख टन युरिया काढण्याची क्षमता असलेला रामगुंडमचा कारखाना याच राज्यात आहे, पण नेमका त्याच दिवसांत तो बिघाडामुळे बंद पडला. आदिलाबाद जिल्ह्यातला कापूस बहुतांश पावसावरचा. पेरणीनंतर साधारण 20 दिवसांनी पहिलं वरखत द्यायचं, तेही जमिनीत ओल असताना. ओल गेल्यावर हाती आलेली बॅग सरकारी भावाची असली तरी त्या कास्तकाराला ती महागच पडली. रांगेत गेलेली मजुरी वेगळीच.

त्यावर लिंकिंग. युरिया हवा तर नॅनो युरियाची बाटली घ्या, नाहीतर पुढे चला. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै 2025 मध्ये सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ही सक्ती थांबवायला सांगितलं. पत्रानं सक्ती थांबत नाही, दुकानाचा परवाना गेला की थांबते.

मदत नाही असं नाही. राज्य सरकारच्या रैतु भरोसा योजनेचे एकरी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण पट्टेदाराच्या, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या खात्यात. मक्त्यानं जमीन कसणारा मक्ता भरतो, खत उधारीवर आणतो आणि मदतीच्या यादीत त्याचं नावच नसतं. अशा कास्तकाराला कर्जपात्रता कार्ड देणारा कायदा एकत्रित आंध्र प्रदेशानं 2011 मध्येच केला होता. तो राबवा आणि त्याच कार्डावर रैतु भरोसाही द्या.

मागण्या साध्या आहेत. मृग लागण्याआधी युरियाचा साठा मंडलाच्या सोसायटीत आणून ठेवा. किती बॅगा आल्या, किती उरल्या, ते रोज फलकावर लिहा. स्फुरद-पालाशचं अनुदान वाढवा, म्हणजे युरियावरचा भार आपोआप उतरेल. माती परीक्षणाचा कागद पेरणीआधी हातात द्या, कापूस वेचून झाल्यावर तो काय कामाचा?

कास्तकारांनीही दर वेळी पक्कं बिल मागावं आणि लिंकिंग झालं तर मंडल कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्यानं नको, गावानं मिळून द्यावी. खताची गरज किती आणि कधी, हे सरकारला हंगामाआधीच ठाऊक असतं. तरीही रांग लागली, तर त्याचा जबाब सरकारनंच द्यायला हवा.