आदरणीय व्यासपीठ आणि आवणी

घोटीच्या आठवडे बाजारात आईशेजारी पोत्यावर बसलेली तिसरीतली पोर गिऱ्हाइकाला ‘‘घ्यायची तर घ्या मावशी, नुसती चिवडू नका,’’ असं सुनावते, तेव्हा तिच्या आत्मविश्वासाची काळजी कुणालाच वाटत नाही. शाळेत मात्र हीच पोर माइकसमोर ‘आदरणीय व्यासपीठ’ एवढं म्हणते आणि मुकी होते. खरं तर शाळेत व्यासपीठ नसतंच. व्हरांडा असतो, व्हरांड्यात खुर्ची असते आणि खुर्चीत पाहुणा म्हणून मी.

निवृत्त माणसाला गावातल्या शाळा अधूनमधून पाहुणा करतात. (नारळ दरवेळी तोच असावा, असा मला संशय आहे.) वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक. प्रत्येक मूल ‘दोन शब्द’ सांगणार असतं आणि ते मी ‘शांतचित्ताने’ ऐकायचे असतात. एका चिरंजीवांनी सावित्रीबाईंना 3 जानेवारी 1831 रोजी नायगावी जन्माला घातलं आणि पुढचं विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सावित्रीबाईंचा जन्म तीनदा झाला, पण 1848 साल काही उजाडेना आणि पुण्यातली शाळा काही निघेना. पालक मात्र शेवटच्या रांगेतून ओठ हलवून पूर्ण भाषण करत होते. बक्षीस खरं त्यांनाच द्यायला हवं होतं.

मुलांना बोलतं करायची दुसरीही एक तऱ्हा आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, पुढे तो राज्यभर गेला. त्यात मुलांना जोडीने, गटाने बसवून एकमेकांशी बोलायला लावतात. शेजाऱ्याशी बोलल्याबद्दल अंगठे धरून उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीला हे पचवणं जड जातं. खुद्द गुरुजीच सांगतात, ‘‘शेजाऱ्याशी बोला!’’ आमचं आयुष्य फुकट गेलं म्हणायचं.

असा एक तास मी बसून पाहिला. आषाढ होता. पत्र्यावर घोटीचा पाऊस कोसळत होता, त्यामुळे मनातलं हळुवार गूजही ओरडूनच सांगावं लागत होतं. ‘‘मित्र रडत असेल तर काय कराल?’’ सरांनी विचारलं. ‘‘आधी त्याला खिचडी संपवू द्यायची,’’ मागून उत्तर आलं. मानसशास्त्राच्या जाड पुस्तकांत इतका व्यवहारी सल्ला मी वाचलेला नाही.

मग आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, बुडी मारलेल्या एका मुलाला सरांनी विचारलं, ‘‘काय काय केलंस रे?’’ आणि ते गप्प राहिले. मास्तरकीतलं हे सर्वांत अवघड काम. पोरगं आधी खिडकीबाहेर बघत राहिलं. मग सुरू झालं: रोप कसं उपटायचं, मूठ कशी बांधायची, चिखलात पाय रुतला की कुणाला हाक मारायची. ‘आदरणीय’ एकदाही आलं नाही आणि कुणी ओठही हलवले नाहीत.

घोटाळा पुढे झाला. त्याचा गृहपाठ पूर्ण होता, पण अक्षर शेजारणीचं. ‘‘तो शेतात होता ना, म्हणून मी केला,’’ ती म्हणाली. सर पेचात. ही मदत म्हणायची की कॉपी? त्यांनी प्रश्न वर्गापुढे टाकला. जोड्या बसल्या, गट बसले, आरडाओरडा झाला, आणि निकाल लागला: मार्क दोघांत निम्मे-निम्मे.

‘‘मला नकोत,’’ आवणीवाला उभा राहिला. ‘‘सर, हिने सात आठे चोपन्न लिहिलंय. ते माझ्या नावावर नको.’’