छोट्या गाडीचं ॲव्हरेज कसं सांगावं

गाडी घरी आली की आठवड्याभरात रंगाची चौकशी करणारे संपतात. किमतीची चौकशी करणारे त्याआधीच येऊन गेलेले असतात. मग पुढची दहा-पंधरा वर्षं एकच प्रश्न शिल्लक राहतो : ॲव्हरेज किती देते? हा प्रश्न लिफ्टमध्ये येतो, पेट्रोलपंपावर येतो, तेराव्याच्या पंगतीतही येतो. मोठ्या गाडीवाल्याला तो कुणी विचारत नाही. त्याला परवडतंय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं. आठशे ते हजार सीसीची गाडी बाळगणाऱ्याने मात्र उत्तर खिशात ठेवूनच घराबाहेर पडावं. ते उत्तर तयार कसं करायचं, टिकवायचं कसं आणि वेळप्रसंगी त्याची डागडुजी कशी करायची, एवढ्यापुरतंच हे मार्गदर्शन आहे. गाडीची डागडुजी ओघात आली तर येईल.

पहिलं पथ्य : पूर्णांक सांगू नये. ‘वीस’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि मनातल्या मनात सोळा धरतो. ‘साडेएकोणीस’ म्हणावं. अर्ध्याला मोजमापाचा वास असतो. साडेएकोणीसवर सहसा कुणी वाद घालत नाही. दुसरं पथ्य : शहरातलं आणि हायवेचं वेगळं सांगावं आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, ‘एसी न लावता’ हे तीन शब्द जोडावेत. उद्या कुणी तुमच्या गाडीत बसून हिशेब केलाच, तर पळून जायला हे मागचं दार उघडं राहतं.

जाहिरातीतल्या आकड्याबद्दल मालकांच्या मनात विनाकारण कडवटपणा असतो. तो आकडा खोटा नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे. ‘एआरएआय ॲव्हरेज’ हे शब्द तिच्याच नावावरून आले. तिथे गाडी रुळांवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. वेग ठरावीक क्रमाने कमी-जास्त करतात, नव्वदच्या वर नेत नाहीत, एसी बंद असतो. खड्डा नाही, रिक्षा नाही, मागच्या सीटवर आत्या नाही. संस्था टेकडीवर असूनही त्या चाचणीत चढ नाही. म्हणजे ज्याला कुठेही जायचं नाही अशा माणसाने गाडी नीट चालवली तर तेवढं ॲव्हरेज पडतं. आपल्याला कुठेतरी जायचं असतं, ही आपली अडचण आहे. कंपनीला दोष देऊ नये.

खरं ॲव्हरेज काढायची रीतही इथे सांगून ठेवतो, म्हणजे ती कशी टाळायची ते कळेल. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, ‘राउंड फिगर करा’ म्हणायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल करायचं आणि झालेले किलोमीटर दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागायचे. एवढंच. परंतु यात एकदम पस्तीस लिटरची टाकी भरावी लागते आणि तिथेच आपली संस्कृती आड येते. आपण ‘पाचशेचं टाका’ या परंपरेतले. 2021 साली मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून पाचशेत पाच लिटरही येत नाही, काटा नुसता जागा झाल्यासारखा करतो आणि परत आडवा होतो. पण पाचशेचं टाकणाऱ्याला आपलं खरं ॲव्हरेज आयुष्यात कळत नाही. छोट्या गाडीच्या मालकाचं निम्मं सुख यातच आहे. हिशेब केलाच, तर निघालेला आकडा घरातही बोलू नये. मुलं शाळेत सांगतात.

आता वजनाकडे वळू, कारण ॲव्हरेज पडतं ते इंजिनामुळे कमी आणि नातेवाइकांमुळे जास्त.

1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती आठशेची पहिली किल्ली दिली गेली. तोवर आपल्याकडे गाडी म्हणजे कुर्ल्याला होणारी फियाट किंवा कलकत्त्याकडची ॲम्बेसेडर. दोन्ही ऐसपैस, दोन्हींना वाटेत थांबायची आवड. त्यांच्यापुढे ही तीन सिलिंडरची, 796 सीसीची पोरगेली गाडी. तिचं स्वतःचं वजन साधारण साडेसहाशे किलो. तिच्यात पासष्ट किलोची पाच माणसं बसवली की सव्वातीनशे किलो झाले, म्हणजे गाडीच्या निम्मे. हे फक्त बसण्याचं वजन. लग्नाला निघालेल्या कुटुंबाचं सामान, रुखवताचा खोका आणि ‘मांडीवर घेते, लहानच आहे’ असा सातवीतला मुलगा यात धरलेला नाही. कंपनीने 2014 च्या जानेवारीत ही गाडी बनवणं थांबवलं, पण हे गणित तिने ऑल्टोला आणि ऑल्टोने पुढच्यांना जसंच्या तसं दिलं आहे.

ते अंगावर येतं घाटात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा जुना घाट चढायची वेळ आली, की प्रत्येक छोट्या गाडीत एक ठरलेला विधी होतो. पहिलं वळण दिसलं की मागच्या सीटवरचे काका म्हणतात, ‘एसी बंद कर रे.’ चालवणाऱ्याने तो आधीच बंद केलेला असला तरी ‘हो काका’ म्हणून बटणाकडे हात न्यावा. वडीलधाऱ्यांचं समाधान होतं. शास्त्र काकांच्या बाजूने आहे. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनावरच फिरतो आणि मारुती आठशेच्या इंजिनाकडे उधळायला सदतीस-चाळीस अश्वशक्तीच असते. त्यातला कॉम्प्रेसरचा वाटा परत मिळाला की गाडी हुंकारते. काच खाली होते, पुढच्या ट्रकचा धूर आत येतो आणि सगळे मिळून ‘काय सुंदर हवा आहे’ म्हणतात.

चढाला गिअर खाली आणायची लाज बाळगू नये. तिसऱ्यात खेचत राहून ॲव्हरेज वाचतं असा एक पंथ आहे. त्या पंथाच्या गाड्या दुसऱ्या वळणावर धडधडून बंद पडतात आणि मागच्या एसटीच्या चालकाशी त्यांचा परिचय होतो. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाराही दुसरा पंथ आहे. तो क्लच प्लेटीच्या वासावरून लांबून ओळखता येतो. त्याने ॲव्हरेजचा विचार सोडून थेट क्लच प्लेटीच्या किमतीचा विचार करावा.

उताराला मात्र विनोद बाजूला ठेवून सांगतो. कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकणं, आणि त्याहून थोर म्हणजे किल्ली फिरवून इंजिनच बंद करणं, ही बचत आजही मानाने सांगितली जाते. इंजेक्शनच्या गाडीत ती बचतच नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचं पेट्रोल जवळजवळ बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात; न्यूट्रलला मात्र इंजिनाला जिवंत राहायला पेट्रोल प्यावंच लागतं. शिवाय इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पॅडल दगडासारखं लागतं आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावं, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत. वाचवलेल्या पेट्रोलचा आकडा सांगायला माणूस शिल्लक पाहिजे.

गॅरेजचा विषय मोठा आहे, म्हणून त्याला जरा जागा देतो.

गाडीत आवाज येतो. कसला, ते सांगता येत नाही, म्हणून तो तोंडाने काढून दाखवावा लागतो. त्याची घरी तालीम करावी. ‘खर्र’ आणि ‘कट्-कट्’ यांत हजारोंचा फरक असतो. पहिला बेअरिंगचा निघू शकतो, दुसरा बहुधा लोअर आर्मच्या बुशचा. वळण घेताना येणारा ‘टक्-टक्’ असेल तर ॲक्सलच्या जॉइंटचं नाव निघतं आणि मग खुर्ची मागवून बसावं. तालीम कितीही चांगली झाली तरी गॅरेजच्या दारात गाडी तो आवाज काढत नाही. मिस्त्री एक चक्कर मारून येतो, किल्ली हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘काही नाही काका, चालवा अजून.’ मराठी भाषेत एवढी दिलासा देणारी वाक्यं थोडी आहेत. परत येताना पहिल्याच चौकात आवाज सुरू होतो. मागे फिरू नये. मिस्त्रीने ‘चालवा’ सांगितलं आहे.

गाडीचं काम निघालंच, तर बॉनेट उघडल्यावर मिस्त्री बराच वेळ बोलत नाही. मग विचारतो, ‘हे आधीचं काम कुणी केलंय?’ या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. काम त्यानेच केलेलं असण्याची शक्यता असते. त्यानंतर तो विचारेल, ‘ओरिजिनल टाकू का लोकल?’ इथे मालकाच्या चारित्र्याची परीक्षा होते. ‘लोकल’ म्हणणारा कंजूष ठरतो, ‘ओरिजिनल’ म्हणणारा बकरा. ‘तुम्ही तुमच्या गाडीत काय टाकलं असतं?’ असं विचारावं. मिस्त्रीकडे बहुधा स्कूटर असते, त्यामुळे तोही जरा थांबतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरची तऱ्हा वेगळी. तिथे हातात टॅब घेतलेला एक नम्र मुलगा ‘सर’ म्हणतो, गाडीभोवती फिरून जुने ओरखडे लिहून घेतो आणि इंजिनाच्या आरोग्यासाठी कसलीतरी ट्रीटमेंट सुचवतो. ट्रीटमेंट या शब्दाला वाहनधारकाने घाबरावं. खर्चाचा अंदाज आणि अंतिम बिल यांच्यात जे अंतर पडतं, तेच खरं तर कंपनीने हायवेचं ॲव्हरेज म्हणून छापायला हवं.

या सगळ्या मंडळींना ॲव्हरेज किती सांगायचं? नियम सोपा आहे. पाहुण्यांना खऱ्यापेक्षा दोनने जास्त, मिस्त्रीला दोनने कमी. पाहुण्यांपुढे गाडी निवडणाऱ्याची अक्कल पणाला लागलेली असते. मिस्त्रीला कमी सांगितलं की तो निदान एअर फिल्टर काढून झटकतो. खरोखर आकडा वाढवणारी कामं तेवढीच आहेत : टायरमध्ये दरवाज्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळच्या वेळी प्लग आणि ऑइल, चाकांचं अलाइनमेंट. सगळी फुकट नाहीतर स्वस्त. म्हणूनच त्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही.

सीएनजीवाल्यांनी इथून पुढचे चार शब्द वाचावेत. आपलं ॲव्हरेज किलोला असतं, ते लिटरवाल्यांना आकडा तेवढा ऐकवून गप्प बसावं. एकक विचारलंच तर सांगावं. डिकी टाकीने खाल्लेली आहे हे सासुरवाडीला आधीच कळवलं की परतीचे नारळ कमी येतात. पंपाच्या रांगेत गेलेला वेळ हिशेबात धरायचा नाही. टाकीची तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, ती मात्र खरोखर करावी.

नॅनोचे मालक आता विरळ झालेत, पण ही गाडी मुळात पुण्यात आकाराला आली म्हणून त्यांचा मान राखतो. त्यांना सल्ल्याची गरज नाही. इंजिन मागे, पेट्रोल भरायचं पुढच्या बॉनेटखाली, चाकाला तीनच नट, आणि सुरुवातीच्या गाड्यांची टाकी पंधरा लिटरची आणि डिकी बाहेरून उघडतच नव्हती. पंपावरचा मुलगा सवयीने मागे जायचा तेव्हा त्याला हाक मारून पुढे बोलावणं, ही एवढीच काय ती त्यांची कसरत.

पावसाळ्यात दोन गोष्टी. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का मारायला माणसं बोलवावीत, ती ॲव्हरेज विचारतील, सांगावं. दुसरी गोष्ट उंदीर. बॉनेटखाली ऊब असते आणि वायरी चविष्ट असतात. तंबाखूच्या पुड्या बांधाव्यात असं म्हणतात. ज्यांनी बांधल्या, त्यांच्यातल्या काहींचे उंदीर गेले आणि काहींचे वॉचमन खूश झाले.

राहिली स्टेपनी. दसऱ्याला चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात, झेंडूची माळ बॉनेटला घालतात, पण पाचव्या चाकाला कुंकवाचं बोटही लागत नाही. ते डिकीत मॅटखाली, जुन्या छत्र्या, पिकनिकची चटई आणि कधीतरी द्यायचे राहिलेले रद्दीचे गठ्ठे यांच्या तळाशी असतं. त्यात हवा आहे का ते आजच बघावं. जॅकचा दांडा आणि पाना जागेवर आहेत का, तेही. हवा भरणाऱ्याला ‘पाचवं पण’ म्हटलं की तो डिकी रिकामी करायला लावतो आणि आपण काय काय घेऊन फिरतो हे सगळ्या पंपाला दिसतं. म्हणून हे काम सकाळी साडेसहाच्या आत उरकावं, गठ्ठे परस्पर रद्दीवाल्याकडे न्यावेत आणि चटई राहू द्यावी.