व्हाइट सीझनचे मेंबर

आमच्या सोसायटीत शेअर सर्टिफिकेट असलेले सभासद चिक्कार आहेत, पण वॉचमनला ‘मेंबर कुठे राहतात?’ असं विचारलंत तर तो क्षणाचाही विचार न करता बी विंगच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतो. तिथल्या गृहस्थांनी एका हॉलिडे कंपनीचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलेलं आहे. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव-आडनाव आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाले वाचतात.

मेंबर चाळिशीच्या अलीकडचे. ऑफिसच्या सॅकला रिसॉर्टचा टॅग बारा महिने लटकलेला, गाडीच्या मागच्या काचेवर कंपनीचं स्टिकर, आणि फोनमध्ये कंपनीचं ॲप बँकेच्या ॲपच्या शेजारी. मोठी मुलगी तिसरीत, धाकटा सीनिअर केजीत. घरात लहान मूल असल्यामुळेच आपण हा निर्णय घेतला, असं ते सांगतात. वहिनी त्या वेळी आत चहा टाकायला जातात.

मेंबरांचा सगळा हिशोब रात्रींत चालतो. ‘माझे चार नाइट्स पडून आहेत’, ‘मार्चच्या आत दोन लॅप्स होतील’, ‘मेव्हण्याला तीन दिले’. कुणाचं लग्न ठरल्याची बातमी आली की मुलगी काय करते, मुलगा कुठे असतो हे बाकीचे विचारतात; मेंबर हनिमूनसाठी नाइट्स हवेत का ते विचारतात. सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं आणि सामानात पाळणा दिसला, की टेम्पो रिकामा व्हायच्या आत हे पाण्याची बाटली घेऊन हजर. माणूस मदतीला तत्पर आहे, खोटं कशाला बोला? पण त्या बिचाऱ्याचं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच प्रश्न येतो, ‘वर्षाला फिरण्यावर साधारण किती जातात हो तुमचे?’ नवा सभासद आणून दिला की जुन्याला जादा रात्री मिळतात, हे कळायला त्या कुटुंबाला महिना-दोन महिने लागतात.

ही कल्पना मूळची युरोपातली. 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची संस्था निघाली: सगळ्यांनी मिळून सुट्टीची घरं घ्यायची आणि आळीपाळीने राहायचं. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआयने आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा आठवडा घ्यायची सोय काढली. आपल्याकडे 1986 साली स्टर्लिंग आली, 1996 साली महिंद्रा या धंद्यात उतरले. सुरुवातीच्या योजना नव्याण्णव वर्षांच्याही असत. म्हणजे शेवटच्या पन्नासएक सहली आपल्या तसबिरीने करायच्या. त्या मानाने पंचवीस वर्षं म्हणजे माणुसकीच म्हणायची. मेंबरांची कंपनी यांपैकी की आणखी कुठली, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ते माझ्याकडूनही रेफरल भरून घेतील.

सुरुवात झाली मॉलमध्ये. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. फुगा मिळतो म्हणून तिने एका स्टॉलपाशी भोकाड पसरलं आणि फुग्याच्या मोबदल्यात यांनी कुपन भरलं. आठवड्याने फोन: अभिनंदन, तीन दिवस-दोन रात्रींची फुकट सहल आणि डिनर सेट, फक्त नव्वद मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकायला या, आणि हो, मिस्टर-मिसेस दोघंही पाहिजेत. दोघं कशाला, हे त्या वेळी यांच्या लक्षात आलं नाही. ‘घरी विचारून सांगतो’ ही मराठी माणसाची शेवटची ढाल असते. घरच समोर बसलेलं असलं की ती आपोआप गळून पडते.

हॉटेलच्या त्या हॉलमध्ये कोपऱ्यात मुलांसाठी खडू, रंगवायची पुस्तकं आणि एक ताई. टेबलापाशी टाय लावलेला, गोड बोलणारा पोरगा. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘सर, मागच्या वर्षी बेबीला कुठे नेलंत?’ हे म्हणाले, ‘कराडला. सासुरवाडीला.’ पोरगा काही बोलला नाही. नुसता कागदावर लिहीत राहिला. वहिनी म्हणतात, त्या शांततेतच आमचे चार लाख गेले.

मग हिशोबाचा कागद. आज हॉटेलची एक खोली सहा हजार. दरवर्षी दहा टक्के वाढ धरा. पंचवीस वर्षांनी तीच खोली पासष्ट हजार. गणित बरोबर होतं, मेंबरांनी मोबाइलवर ताडून पाहिलं. एकच गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. त्याच कागदावर खाली वार्षिक देखभालीची फी लिहिली होती, आणि ती पहिल्या वर्षी जेवढी, तेवढीच पंचविसाव्या वर्षी होती. देशभरची हॉटेलं महागणार, फक्त यांच्या रिसॉर्टमधला माळी जुन्या पगारावर राबणार! नव्वद मिनिटांचे साडेतीन तास झाले. मुलगी भुकेने रडायला लागली. मॅनेजर आला, म्हणाला, हा भाव आजच्यापुरता. मेंबरांनी कार्ड पुढे केलं. डिनर सेट अजून माळ्यावर आहे, न फोडलेला. त्या फुकट सहलीला मात्र अटी एवढ्या निघाल्या की ती अद्याप घडलेली नाही.

तर सीझनची गोष्ट. या धंद्यात हंगामांना रंग देण्याची जुनी रीत आहे. लाल म्हणजे तोबा गर्दीचा, निळा म्हणजे ओस, पांढरा मधला. यांनी घेतला पांढरा. लालपेक्षा पुष्कळ स्वस्त पडला आणि मुलगी शाळेत जात नव्हती, त्यामुळे कुठलाही आठवडा चालणार होता. अडीच वर्षांच्या मुलीला जुलै काय आणि मे काय. पण मूल वाढतं, ही बारीकशी बाब हिशोबाच्या कागदावर नव्हती. पहिलीत गेल्याबरोबर वर्ष शाळेच्या मालकीचं झालं. आता फिरायला जायचं ते दिवाळीत, नाताळात नाहीतर मे महिन्यात. आणि हे तिन्ही लाल.

त्यामुळे दर जुलैत मेंबरांच्या घरी ताप येतो. मुलीला, तोही बुधवारी. शाळेला अर्ज जातो, गाडी भरली जाते आणि मंडळी महाबळेश्वरला निघतात. जुलैतलं महाबळेश्वर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय सांगणार. आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना मेंबरही काही सांगू शकत नाहीत, कारण दिसतच नाही. पाच-पाच हजार मिलीमीटर पाऊस पडणारं गाव ते. पॉइंटवर उभं राहिलं की समोर पांढरं, मागे पांढरं. ‘व्हाइट सीझन तो हाच,’ असं वहिनी एकदाच म्हणाल्या. स्ट्रॉबेरी विचाराल तर ती हिवाळ्यातली. जुलैत तिची भेट होते ती बाटलीत, क्रश म्हणून.

मागल्या खेपेला मुलगी सोमवारी शाळेत गेली. बाईंनी मायेने विचारलं, ‘बरं वाटतंय का गं आता?’ तिने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, ‘बाई, मला ताप नव्हता. बाबांचे नाइट्स होते.’ घटक चाचणीचा पेपर बुडाला तो वेगळाच. पालकसभेत बाईंनी मेंबरांना खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं. तेव्हापासून पालकसभेला वहिनी जातात.

खोली घेताना त्यांनी स्टुडिओ घेतला. एक मोठी खोली, दोन मोठी माणसं, दोन लहान. मुलं तान्ही असताना ऐसपैस वाटली असती. आता धाकटा झोपल्यावर उरलेल्या तिघांनी रात्री नऊपासून अंधारात बसायचं, आणि टीव्ही लावायचा तर आवाज बंद करून. स्वयंपाकघर म्हणावं तर एक फ्रिज, एक सिंक आणि एक किटली. रिसॉर्टच्या रेस्टॉरंटात चौघांचं जेवण म्हणजे घरचा आठवड्याचा किराणा. धाकटा दोन घास वरणभात खातो आणि उरलेला वेळ टेबलाखाली असतो, पण बुफे त्याच्याही नावावर लागतो. पहिल्या वर्षी वहिनींनी त्याचं दूध खोलीतल्या किटलीत तापवलं. दूध बुडाला लागलं आणि पुढे तिन्ही दिवस चहाला करपट वास. दुसऱ्या वर्षी त्या घरून छोटी इंडक्शन शेगडी, कुकर, मेतकूट आणि तुपाची बरणी घेऊन गेल्या. मुगाच्या खिचडीला हिंग-मोहरीची फोडणी पडली मात्र, छतावरचा धूर हुंगणारा यंत्र-राक्षस असा काही किंचाळला की दोन वेटर आणि एक सुरक्षारक्षक दाराशी. ‘सर, सब ठीक है?’ मेंबर दारात आडवे उभे. पाठीमागून धाकट्याचा आवाज, ‘आई, खिचडी झाली का?’

मे महिन्यातली खोली मिळवायचा उद्योग तर निराळाच. कंपनीने एक वाट ठेवली आहे: जादा पैसे भरा, सीझन वर चढवून घ्या. तेही यांनी एकदा केलं. बुकिंग रात्री बारा वाजता उघडतं म्हणून दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसले. बाराला कोकण गेलं, बारा वाजून दोन मिनिटांनी गोवा गेला, पाच मिनिटांनी हिमाचलही संपलं. शेवटी जे मिळालं तिथपर्यंतचं चौघांचं विमानभाडं पाहून वहिनींनी लॅपटॉप मिटला. ते साल मुलं कराडला गेली.

खरं सांगायचं तर लहान मुलांना घेऊन जायला रिसॉर्ट ही जागा झकास आहे. पोहण्याचा उथळ हौद, संध्याकाळी हाउझी, मातीची भांडी करायचं चाक, भाड्याच्या सायकली. रस्ता नाही, गाड्या नाहीत, पोरं मोकळी सोडता येतात. आजी बरोबर असली तर तिलाही वर-खाली करावं लागत नाही. माझं भांडण त्या पंचवीस वर्षांशी आहे. बालपणासाठी घेतलेली योजना, आणि बालपण टिकणार किती? आठवीत क्लास सुरू होतात. दहावीला घरातला टीव्हीसुद्धा बंद असतो. बारावी सुटली की मुलगी मैत्रिणींबरोबर जाणार. करार संपेल तेव्हा ही मुलगी सत्तावीस वर्षांची असेल. त्या वयाची मुलगी आई-बाबांबरोबर एका स्टुडिओत झोपायला येईल, ही आशा फक्त त्या टायवाल्या पोराला होती.

आणि पैशाचं म्हणाल तर मी एका रविवारी जिन्यात त्यांच्यापुढे तोंडी हिशोब मांडला. समजा, चार लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाचं व्याज अठ्ठावीस हजार. वर्षाची फी कर धरून समजा वीस हजार. झाले अठ्ठेचाळीस. भागिले वर्षाला मिळणाऱ्या सात रात्री. म्हणजे रात्रीला पावणेसात हजारांच्या वर, जेवण वेगळं. तेवढ्यात आज त्याच महाबळेश्वरात बऱ्यापैकी हॉटेल मिळतं, आपल्याला हव्या त्या आठवड्यात. शिवाय मुद्दल शाबूत. इथे तर पंचवीस वर्षांनी मुद्दलही संपलेलं, आणि मालकीची म्हणाल तर वीटसुद्धा नाही. असतो तो फक्त राहण्याचा हक्क. ज्या वर्षी गेला नाहीत, त्या वर्षीही फी चुकत नाही.

मेंबरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण हे नसतं तर आम्ही घराबाहेर पडलोच नसतो.’ आता याला उत्तर नाही. पैसे अडकल्याशिवाय आपल्याकडे सुट्टी निघत नाही, हे खरंच आहे. रजेचा अर्ज टाकताना हात थरथरणारा हा माणूस ‘नाइट्स लॅप्स होतील’ या धाकाने का होईना, वर्षातून चार दिवस साहेबाला नाही म्हणतो. मुलं भिजतात, शिंकतात, लिफ्टमधून बारा वेळा वर-खाली करतात आणि परत आल्यावर शाळेच्या वहीत धबधबा काढतात. वहिनी मात्र सुट्टीहून आल्यावर दोन दिवस सुट्टी घेतात.

गेल्या महिन्यापासून मेंबर सभासदत्व विकायच्या खटपटीत आहेत. गिऱ्हाईक मिळेना. नवं सभासदत्व विकायला कंपनीकडे टायवाली पोरं, फुगे आणि डिनर सेट असतात. यांच्याकडे नुसता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. युरोपात असा करार केला तर 14 दिवसांत कारण न देता मागे घ्यायची मुभा कायद्यानेच दिली आहे. आपल्याकडे ती मुदत करारात आहे का, आणि असली तर कुठल्या पानावर, हे सही करण्याआधी पाहायचं असतं. मेंबरांनी ते पान वाचलं. पण तोवर तिसरा हप्ता गेला होता.

तेव्हा घरात लहान मुलं असतील आणि मॉलमध्ये कुपन भरून बसला असाल, तर प्रेझेंटेशनला खुशाल जा. मुलांना आधी पोटभर जेवू घाला, म्हणजे साडेतीन तास तुम्हाला घाई होणार नाही. कार्ड घरी ठेवा आणि शाळेचं वेळापत्रक बरोबर न्या. टायवाल्याने हिशोबाचा कागद पुढे केला की एवढंच म्हणा, ‘पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा आठवडा, दोन खोल्या, स्वयंपाकघरासह, आत्ता माझ्यासमोर बुक करून दाखवा, मग सही करतो.’ डिनर सेट तरीही मागून घ्या. तो तुमच्या हक्काचा आहे.